मसूरचे स्थानक आपल्या हातांनी

विद्यालयात रेल्वेची प्रतिकृती उभारावयाची, तर तिचे भाग तयार आणावेत की विद्यार्थ्यांनी घडवावेत? घडवावेत, असे आमचे मत आहे.

बाजारातील १:८७ प्रमाणाच्या संचात रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ते माप युरोपातील रेल्वेचे. १९०१ साली सातारा-सांगलीच्या प्रदेशातून मीटरगेज धावत असे. तिचे अंतर याच प्रमाणात साडेअकरा मिलिमीटर भरते. म्हणजे रूळ, डबे, स्थानक, सारे पुठ्ठा व लाकूड मोजून-कापूनच करावे लागेल.

त्याच वर्षी बाल भीमराव भाऊ व भाच्यांसह पाडळीला गाडीत बसून मसूरला उतरले. जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरले. दुप्पट भाडे कबूल केल्यावर मिळालेली बैलगाडीही मुलांनीच हाकावी, असे ठरले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः नोंदविले आहे.

विकतच्या संचात ही बैलगाडी नसते. ती घडविताना एखादा विद्यार्थी विचारीलच, गाडीवान पायी का चालतो? या प्रश्नासाठी वसतिगृहातील एक खोली द्यावी, अशी माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे.