शिडाचं गणित दौंड-शिरूरपर्यंत यावं

दौंड तालुक्यातल्या यवत परिसरात शेतांना खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी मिळतं. त्याच खडकवासला जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाची होडी हाकायला शिकतात. म्हणजे नौकानयनाला समुद्रच लागतो असं नाही, हे पुणे जिल्ह्यात कधीच सिद्ध झालेलं आहे. तरी दौंड-शिरूरच्या मुलांना हे शिक्षण मिळत नाही. ते मिळायला हवं. खेळ म्हणून तर हवंच, पण त्याहूनही बलांचं गणित हाताला कळावं म्हणून हवं, असं माझं ठाम मत आहे.

स्पिनेकरचंच उदाहरण घ्या. वारा मागून असताना नौकेच्या पुढे फुगणारं हे मोठं, पातळ शीड. त्याचा एक कोपरा वाऱ्याच्या बाजूला ताणून धरायला डोलकाठीला एक दांडा जोडतात, तो पोल. त्याचं बाहेरचं टोक तीन दोर सांभाळतात. टॉपिंग लिफ्ट वर तोलून धरतो, डाउनहॉल खाली ओढतो, आफ्टर गाय मागे खेचतो. शिडाचा दुसरा कोपरा शीट नावाच्या दोराने आवरतात. नवशिक्याला डाउनहॉल बिनकामाचा वाटतो, कारण दांडा आपल्या वजनाने खालीच येणार. पण वारा भरला की शीडच दांड्याला उचलतं. डाउनहॉल ढिला असेल तर टोक वर चढतं, शीड डोलू लागतं आणि नौका दोन्ही अंगांना हेलकावते. म्हणून पोल साधारण आडवा आणि नौकेवर जाणवणाऱ्या वाऱ्याशी काटकोनात ठेवायचा, शिडाचे खालचे दोन्ही कोपरे एका पातळीत राखायचे. वारा बाजूला सरकला की पोल पुढे न्यावा लागतो, आणि खरी मेख तिथे आहे: आफ्टर गाय आणि पोल यांच्यातला कोन अरुंद होतो. पोलच्या टोकावर पोलशी काटकोनात 100 किलोचं बल तोलायचं असेल, तर 30 अंशांच्या कोनात दोरावर 200 किलोचा ताण येतो. 10 अंशांत तोच सुमारे 575 किलो होतो, आणि जवळपास तेवढ्याच जोराने पोल डोलकाठीवर दाबला जातो. म्हणूनच मोठ्या नौकांवर आणखी एक आखूड दांडा लावून हा दोर बाहेर ढकलतात आणि कोन वाढवतात. पुस्तकातलं बलांचं विघटन इथे तळहाताला कळतं.

हा श्रीमंतांचा खेळ, असा आक्षेप येईल. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक जिंकलं. तिची होडी एका शिडाची होती; सुरुवात तशीच व्हावी, स्पिनेकर पुढची पायरी. धोक्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. मे 2024 मध्ये उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण दगावले. पण त्या पाण्याकाठी माणसं राहतात, ते ओलांडून ये-जा करतात. वारा ओळखणं आणि जीवरक्षक जॅकेटशिवाय होडीत पाऊल न टाकणं ही सवय त्यांच्या मुलांना लागायलाच हवी. उजनीकाठच्या भिगवणचे पक्षी आणि उन्हाळ्यात खालावणारं पाणी पाहता, तिथल्या प्रशिक्षणासाठी पक्ष्यांच्या जागा सोडून फक्त पावसाळ्यानंतरचा हंगाम ठरवता येईल.

जलाशयाची परवानगी मिळेपर्यंत थांबायचंही कारण नाही. एक खांब, त्याला जोडलेला दांडा, तीन दोर आणि ताणकाटा एवढं साहित्य यवतच्या शाळेच्या मैदानात उभं करता येतं. कोन बदलला की काटा किती सरकतो, हे मुलांनी यंदाच मोजावं.