धंद्यात मशवरा हवा. पण विचारणार कोण?

धंद्याला भांडवल लागते, जागा लागते, हातात हुन्नर लागतो. हे सर्व असूनही अनेकांचा धंदा बसतो, कारण गरजेच्या वेळी खरी माहिती मिळत नाही. एडवणपासून सफाळे, पालघर आणि बोईसर-तारापूरपर्यंतच्या पट्ट्यातील आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे आज हाच प्रश्न आहे. कुणाची फॅब्रिकेशनची शेड आहे, कुणाचे गॅरेज, कुणाची भंगाराची वखार, कुणाची बेकरी, कुणाचे शिवणकाम. प्रत्येक जण आपापल्या जागी एकटा. बिल अडकले की तो एकटाच चकरा मारतो. नोटीस आली की एकटाच घाबरतो आणि शेवटी एजंटाच्या हाती पैसे ठेवून मोकळा होतो. शेजारच्या गाळ्यातला माणूस सहा महिन्यांपूर्वी त्याच फेऱ्यातून गेलेला असतो. पण याने विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

मोबाईल तर आज प्रत्येकाच्या खिशात आहे. मोहल्ल्याचा ग्रुप आहे, नातेवाइकांचा आहे, बाजाराचाही आहे. त्यात सकाळचे सलाम येतात, जुम्मा मुबारक येते, इकडून आलेले तिकडे ढकलले जाते. धंद्याचा एखादा नेमका प्रश्न आणि त्याला अनुभवी माणसाने दिलेले नेमके उत्तर मात्र क्वचितच दिसते. साधन हाती आले, पण ते वापरण्याची रीत आली नाही.

मशवरा ही आपलीच रीत

आपसांत विचारविनिमय करणे ही आपल्यासाठी बाहेरून आणण्याची गोष्ट नाही. कुरआन शरीफमधील एका सूरहचे नावच ‘शूरा’ म्हणजे मशवरा असे आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) आपल्या साथीदारांचा सल्ला घेत. इ.स. ६२७ मध्ये मदीनेवर मोठे सैन्य चालून आले तेव्हा शहराच्या उघड्या बाजूस खंदक खणण्याची कल्पना हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी मांडली, असे इतिहास सांगतो. ती पद्धत इराणची होती. अरबांना ती नवी होती. दूरदेशाहून आलेल्या एका माणसाचा अनुभव ऐकून घेतला गेला आणि शहर वाचले. मशवऱ्यात बोलणारा कोण आहे यापेक्षा त्याला काय ठाऊक आहे, हे मोलाचे ठरले.

व्यापाराच्या इतिहासातही हेच दिसते. मुंबईत १८५० च्या दशकात टाउन हॉलजवळ वडाच्या झाडाखाली काही शेअर दलाल जमत असत. त्या बैठकीतून १८७५ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली आणि तोच आजचा मुंबई शेअर बाजार. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉईड याच्या कॉफीखान्यात जहाजमालक आणि व्यापारी कोणते जहाज कुठे पोहोचले याची चौकशी करीत बसत. त्यातूनच पुढे लॉईड्सचा विमा बाजार झाला. आपल्याकडे महाराष्ट्र चेंबर १९२७ पासून आहे आणि तारापूरच्या कारखानदारांची ‘टीमा’ ही संघटना आहे. ज्यांच्यापाशी वकील आहेत, हिशेबनीस आहेत, त्या मोठ्यांनाही एकत्र बसून बोलण्याची गरज वाटते. मग एका लेथवर किंवा एका वेल्डिंग मशिनवर घर चालवणाऱ्याला ती वाटू नये, हे आश्चर्य आहे.

न विचारल्याने किती जाते

एकच उदाहरण घेऊ. आपल्या भागात रोजचे दुखणे म्हणजे अडकलेले बिल. छोटा कारागीर मोठ्या गिऱ्हाइकाला माल देतो, जॉबवर्क करतो आणि पैशासाठी महिनोन् महिने थांबतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात यावर स्पष्ट तरतूद आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेतली आणि लेखी करार नसेल, तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे नेता येते आणि २०१७ पासून ‘समाधान’ या सरकारी पोर्टलवरून तसा अर्ज करण्याची सोय झाली. व्याज घेण्याबाबत ज्याच्या मनात शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण मुद्दल तर घामाचे आहे, ते सोडून देण्याचे कारण नाही.

हा हक्क वापरण्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी लागते. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे. सरकार तिचे काहीही शुल्क घेत नाही. तरीही तिच्यासाठी एजंटाला पैसे मोजणारे आहेत. नोंदणी माल देण्यापूर्वीच केलेली असावी. बिल अडकल्यावर धावपळ करून केलेल्या नोंदणीवर न्यायालयात वाद उभे राहिले आहेत.

यातच आणखी एक बारकावा आहे. २ जुलै २०२१ च्या केंद्राच्या आदेशाने घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली; पण तिचा लाभ बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरता ठेवला गेला. म्हणजे गेट-ग्रील बनवून देणाऱ्या फॅब्रिकेटरला जो ४५ दिवसांचा आधार मिळतो, तो तयार माल आणून विकणाऱ्या दुकानदाराने त्याच नोंदणीच्या जोरावर गृहीत धरू नये. ग्रुपवर मात्र ‘उद्यम काढा, ४५ दिवसांत पैसे मिळतील’ एवढेच फिरते. अर्धी माहिती अशी माणसाला खड्ड्यात घालते. तिथे एखाद्या जाणत्याने दोन ओळी लिहिल्या, तर वीस जणांची फसगत टळते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेचेही तसेच. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार, सुतार, गवंडी, शिंपी यांच्याबरोबर होडी बांधणारा आणि मासेमारीचे जाळे विणणाराही होता. एडवण-केळव्याच्या किनाऱ्यावर हे किती जणांनी एकमेकांना सांगितले?

‘धंद्याचे गुपित’

आपल्या कारागिरांचा एक आक्षेप जुना आहे. ‘सगळे सांगून टाकले तर माझे काय राहिले?’ उस्तादाने शेवटचा पेच शागीर्दालाही शिकवायचा नाही, ही वृत्ती आपल्यात मुरलेली आहे. परिणाम असा, की उस्ताद गेला की हुन्नरही कब्रस्तानात जातो.

इथे फरक केला पाहिजे. आपला भाव, आपले गिऱ्हाईक, आपल्या मालाची खास कृती ही आपली अमानत. ती कुणी मागत नाही. पण मशिनचा सुटा भाग कुठे मिळतो, कोणत्या अर्जाला कोणता कागद जोडावा लागतो, बँकेने फाईल परत केली तर त्रुटी काय होती, कोणत्या जाडीच्या पत्र्याला कोणता रॉड चालतो, ही माहिती सांगितल्याने कुणाचे गिऱ्हाईक तुटत नाही. उलट सांगणाऱ्याची ओळख वाढते. ज्याला कामातले कळते त्याच्याकडेच लोक काम घेऊन जातात.

दुसरा आक्षेप शरमेचा. ‘एवढेही ठाऊक नाही असे लोक म्हणतील.’ वीस वर्षे दुकान चालवणाऱ्याला जीएसटीचा साधा प्रश्न विचारताना संकोच वाटतो. मग तो विचारत नाही आणि दंड भरतो. लोक दोन दिवस हसतील. दंडाची रक्कम मात्र वर्षभर सलते.

सुरुवात कशी करावी

पहिली गोष्ट, मंडळ लहान ठेवावे. एका धंद्याचे किंवा जवळच्या धंद्यांचे दहा-पंधरा जण पुरेत. आधी एकदा समोरासमोर बसावे. सफाळ्याला बसा, बोईसरला बसा, चहा घ्या. ज्याचा चेहरा पाहिला आहे त्याच्याशी फोनवर माणूस जपून बोलतो. त्यानंतरच मोबाईलवरचा ग्रुप करावा आणि त्यात फक्त धंद्याचेच बोलायचे, असा नियम पहिल्या दिवशी ठरवावा.

हे मंडळ केवळ जमातीपुरते ठेवू नये. या किनाऱ्यावर आपला धंदा मांगेला, भंडारी, वाडवळ, आदिवासी अशा सर्वांबरोबर चालतो. जाळ्याचे, होडीचे, बागायतीचे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. घरी बसून शिवणकाम करणाऱ्या आपल्या भगिनींनाही त्यात जागा हवी. बाजारातल्या चौकात त्यांना बसता येत नाही. फोनवर त्यांना प्रश्न विचारता येतो आणि उत्तरही देता येते.

दुसरी गोष्ट, नव्याने आलेल्याने पहिले काही दिवस ऐकावे. आधी काय बोलणे झाले ते वाचावे. आपला प्रश्न पूर्वीच कुणी विचारलेला असण्याची शक्यता बरीच असते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, प्रश्न पूर्ण विचारावा. ‘बिलाचे कुणाला काही माहीत आहे का?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. असे लिहावे : ‘माझे गेट-ग्रीलचे काम आहे. उद्यम नोंदणी दोन वर्षांपूर्वीची आहे. जूनमध्ये बोईसरच्या एका कारखान्याला माल दिला, चलनावर सही-शिक्का आहे, लेखी करार नाही. सत्तर दिवस झाले. दोनदा फोन केला, लेखी मागणी केलेली नाही. आधी पत्र द्यावे की थेट अर्ज करावा?’ ज्याला ठाऊक आहे तो अशा प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत देऊ शकतो. शिवाय प्रश्न असा नीट लिहिताना आपल्या कागदांत काय कमी आहे, हेही आपल्याच ध्यानात येते.

चौथी गोष्ट, उत्तर मिळाले, काम झाले किंवा फसले, ते परत येऊन सांगावे. आपल्याकडे काम झाले की माणूस गप्प होतो. पण ‘तुमच्या सांगण्याप्रमाणे केले, अमुक ठिकाणी अडले, मग असे केल्यावर सुटले’ या तीन ओळी पुढच्या दहा जणांच्या कामी येतात. सल्ला घेणे हे कर्ज आहे. ते असे फेडावे.

बोटाची जबाबदारी

जिभेप्रमाणे आता बोटालाही लगाम हवा. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले गावात चोर आल्याच्या अफवांमुळे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांचा बळी घेतला. मोबाईलवर फिरलेल्या अफवांनी त्या भागातले वातावरण आधीच तापलेले होते. नंतर त्या घटनेला धर्माचा रंग देण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, असे त्या वेळच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. अफवेची किंमत कोणाकोणाला मोजावी लागते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आलेली बातमी पारखून घ्या, ही शिकवण सूरह हुजुरातने दिलेली आहे. धंद्याच्या बातमीलाही ती लागू आहे. योजना, कर, मुदत यांविषयी काही आले तर सरकारी संकेतस्थळावर किंवा जिल्हा उद्योग केंद्रात खात्री करावी, मगच पुढे पाठवावे.

आणखी काही पथ्ये आहेत. आधार कार्डाचा फोटो, बँकेचे पासबुक, ओटीपी ग्रुपवर कधीही टाकू नये. पैशांची फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे बुडवणाऱ्याचे नाव घेऊन शिवीगाळ करू नये. गीबतचा गुन्हा आहेच, वर बदनामीचा दावाही होऊ शकतो. आणि एकाच मालाच्या विक्रेत्यांनी ग्रुपवर बसून भाव ठरवू नयेत. २००२ च्या स्पर्धा कायद्याला ते मंजूर नाही.

ग्रुपचा प्रमुख व्हायला अनेक जण भितात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू किंवा संगनमत नसताना, केवळ प्रमुख म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. म्हणून भीती नको. पण वाईट मजकूर दिसताच तो काढणे आणि टाकणाऱ्याला समज देणे हे प्रमुखाचे काम आहेच.

एक वही ठेवा

शेवटची सूचना साधी आहे. फोनवरचे बोलणे वाहून जाते. आज दिलेले चांगले उत्तर महिन्याने कुणाला सापडत नाही. म्हणून मंडळातील एकाने वही ठेवावी. महिन्याभरातले उपयोगी प्रश्न, त्यांची उत्तरे, ज्या कागदांनी काम झाले त्यांची नावे आणि तारीख तीत उतरवून ठेवावी. कायदे बदलतात, म्हणून तारीख हवीच. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरात आहे. माहितीची देवघेव हीही एक देवघेवच आहे.

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमार बांधवांचा त्याला विरोध आहे आणि त्यांच्या रोजीचा प्रश्न खरा आहे. पण या किनाऱ्यावरचा धंदा आता पूर्वीसारखा राहणार नाही, एवढे नक्की. ठेके, पोटठेके, नवे नियम, नवे कागद येतील. त्या वेळी जे एकमेकांना विचारत असतील ते आपला हक्क वेळेवर मागतील आणि जे एकटे असतील ते एजंटाच्या दारात उभे राहतील. बांधवांनो, येत्या आठवड्यात फार नको, आपल्या धंद्यातला अडलेला एकच प्रश्न नीट लिहा आणि जाणत्या दहा जणांपुढे ठेवा. आणि दुसऱ्याचा एक प्रश्न आपल्याला येत असेल, तर मूग गिळून बसू नका.