पिकल्या पानाची तक्रार

डे लिलीचं फूल सकाळी उमलतं आणि बहुतेक वेळा रात्रीपर्यंत मिटून जातं. तिच्या शास्त्रीय नावातच, हेमेरोकॅलिसमध्ये, ग्रीक भाषेतला ‘दिवस’ आणि ‘सौंदर्य’ हे दोन शब्द जोडलेले आहेत. फूल एका दिवसात गेलं म्हणून कुणी औषधाची बाटली शोधत नाही. महिनोन्‌महिने राबलेलं एखादं पान पिवळं पडलं की मात्र बागेत धावपळ, आणि सल्ले तर तोंडपाठच असतात: चमचाभर युरिया घाला, नाहीतर एप्सम सॉल्ट. एप्सम सॉल्टवरचा माझा राग या सदराच्या वाचकांना नवा नाही. ते म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट; मातीत मॅग्नेशियम कमी असेल तर कामाचं, नसेल तर कुंडीत उगाच आणखी एक क्षार. माझी हरकत या पुडीला नाही, ती कशाच्या भरवशावर सुटते त्याला आहे. ‘पान पिवळं पडलंय’ हे निदान नव्हे. ‘अंग गरम लागतंय’ एवढ्यावर डॉक्टरांनी इंजेक्शन टोचलं, तर आपण दुसरा डॉक्टर गाठू.

कुठलं पान पिवळं पडलं, हा पहिला प्रश्न. डे लिलीला खऱ्या लिलीसारखा कांदा नसतो. (आपण रेन लिली, स्पायडर लिली, डे लिली अशा सगळ्यांनाच लिली म्हणतो आणि एकीचं औषध दुसरीला देतो, तो वेगळाच घोळ.) हिचा जमिनीलगत एक गड्डा असतो, खाली जाडसर मुळं आणि वर पंख्यासारखी पसरलेली पानं, जुनी बाहेर, नवी मधोमध. बहर ओसरल्यावर बाहेरची पानं पिवळी होतात, तेव्हा झाड त्यांतलं नत्र आणि मॅग्नेशियम काढून घेऊन आत वळवत असतं. मराठीने याला नेमका शब्द दिला आहे: पान पिकतं. आंबा पिकला म्हणून आपण झाडाला खत घालायला धावत नाही. उलट मधली कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर संशय लोहावर घ्यावा, कारण लोह जुन्या पानातून नव्याकडे सहज सरकत नाही. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. तिथे युरिया ओतून काय होणार? आणि पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या कुंडीत अख्खा पंखाच मलूल पडला असेल, पान हलकेच ओढल्यावर बुडाशी लिबलिबीत होऊन हातात येत असेल, वासही येत असेल, तर गड्डा कुजतो आहे. अशा झाडाला ‘सुकलंय बिचारं’ म्हणून आणखी पाणी घालणारे दयाळू लोक सर्वांत घातक.

यावर रास्त आक्षेप असा, की ही चौकशी चालेपर्यंत रोग पसरेल, त्यापेक्षा पिवळं दिसेल ते कापून फवारणी केलेली बरी. रोग असतो, हे खरंच. डे लिलीवरचा तांबेरा मूळचा आशियातला. 2000 साली तो अमेरिकेत सापडला आणि तिथल्या बागांत भराभर पसरला. पण तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पांढरा टिश्यू पेपर घेऊन पानाच्या खालच्या बाजूने पुसा. नारिंगी-पिवळी भुकटी कागदावर उतरली तर तांबेरा. ती पानं कापून घराबाहेरच्या कचऱ्यात टाका, खताच्या खड्ड्यात नको. आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला, कारण बीजाणू रुजायला पान काही तास ओलं राहावं लागतं. कागद कोरा राहिला आणि पानाच्या टोकाकडून मधल्या शिरेवरून खाली पिवळा पट्टा उतरत असेल, मधे तपकिरी, तर तो दुसऱ्या बुरशीचा करपा. दिसायला वाईट, पण झाड सहसा त्याने मरत नाही. या तपासणीला दोन मिनिटं लागतात. फवारणीच्या पंपाचं तोंड साफ करायलाही त्याहून जास्त लागतात.

दुसरा आक्षेप नुसता दिसण्याचा आहे, आणि तो मला जास्त मान्य आहे. पिवळी पानं वाफ्यात बरी दिसत नाहीत. पण अर्धं हिरवं पान कापणं म्हणजे गड्ड्याकडे निघालेला माल वाटेत लुटणं. तपकिरी, कागदासारखं झालेलं पान बोटांत धरून खाली बाजूला ओढावं. सहज सुटलं तर त्याचं काम झालेलं असतं. नाही सुटलं, तर आणखी आठवडाभर राहू द्यावं. पाहुणे येणारच असतील तर त्यांना संध्याकाळी उशिरा बोलवावं. तोवर फुलंही मिटायला लागलेली असतात.