आजीचा फोन कोट्यात धरायचा का?

गेल्या फेब्रुवारीत आमच्या घरी एक कायदा झाला. कायदा करणारा मी आणि पाळणारी आमची तेरा वर्षांची लेक. शनिवार-रविवारी स्क्रीन रोज फक्त दोन तास, वर एक मिनिट नाही. कार्डिफचा फेब्रुवारी ज्यांनी काढलाय त्यांना ही शिक्षा केवढी ते कळेल. बाहेर आडवा पाऊस, रोथ पार्कच्या तळ्यावर बदकांशिवाय कोणी नाही, आणि घरात बाप घड्याळ घेऊन बसलेला.

कायद्याला आधार होता एका ढकलपत्राचा. 'मानसशास्त्रज्ञ सांगतात' अशी सुरुवात, मग मुलांच्या मेंदूचं काय काय होतं त्याची यादी, शेवटी 'प्रत्येक पालकाने वाचावे'. तुम्हालाही आलं असेल. नसेल आलं तर या आठवड्यात येईल. मी शिकलेला माणूस, कोणी पाण्यावर गाडी चालते म्हणालं तर लगेच वाद घालीन. पण मनाबद्दलचं विधान आलं की आपली चिकित्सा कुठे जाते कोण जाणे. आधीच जे वाटत असतं त्यावर 'संशोधन' असा शिक्का मिळाला की आपण खूश.

तिसऱ्या शनिवारी सकाळी विट्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपारचे अडीच, तिची वामकुक्षी उरकलेली. नातीला ती गच्चीत वाळत घातलेल्या कुरडया दाखवत होती. वीस-पंचवीस मिनिटं झाल्यावर लेक म्हणाली, "आजी, ठेवते हं. माझा कोटा संपतोय."

आईला कोटा माहीत तो रेशनचा. संध्याकाळी तिने मला वेगळा फोन केला. "तिचा अभ्यास असतो का रे त्या वेळेला? की माझंच बोलणं लांबतं?"

काय उत्तर देणार? लेकीने कायदा बरोबरच वाचला होता. स्क्रीन म्हणजे स्क्रीन. आजी स्क्रीनवर होती. उरलेला दीड तास तिला मैत्रिणींसाठी हवा होता, म्हणून तिने आजीत काटछाट केली. माझ्या नियमाने आजी आणि मांजरांचे व्हिडिओ एकाच मापाने मोजले होते. मी समजावायला गेलो तर लेकीने सरळ विचारलं, "बाबा, तो रिसर्च कुणाचा आहे?" मी फोन काढून पाहिलं. संशोधकाचं नाव नाही, विद्यापीठ नाही, साल नाही.

म्हणून शोधायला बसलो, तर निम्मा रस्ता आमच्याच गावात संपला. कार्डिफ विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात तेव्हा असलेल्या नेटा वाइनस्टीन आणि ऑक्सफर्डचे अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१७ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. इंग्लंडमधल्या पंधरा वर्षांच्या १,२०,११५ मुलामुलींना दोन गोष्टी विचारल्या होत्या: टीव्ही, गेम, संगणक, स्मार्टफोन यांवर रोज किती वेळ जातो, आणि तुम्हाला एकंदर कसं वाटतं. (हो, मुलं इंग्लंडमधली. वेल्समध्ये राहून एवढा खुलासा करावाच लागतो.) त्यांना दिसलं ते असं की स्क्रीन अजिबात न वापरणारी मुलं सर्वांत सुखी नव्हती. थोडा वापर असलेल्यांची अवस्था जरा बरी, आणि एका मर्यादेनंतर वापर वाढेल तसं मनःस्वास्थ्य उतरत जाणारं. आपल्याकडे अति तिथे माती म्हणतातच. इथे 'नाही' तिथेही थोडी मातीच निघाली. शाळेच्या दिवशी ही मर्यादा स्मार्टफोनसाठी दोन तासांच्या आसपास होती, संगणकासाठी चार तासांच्या वर, आणि सुट्टीच्या दिवशी ती आणखी पुढे सरकत होती.

दोन तास! मी सरसावून बसलो, माझा आकडा बरोबर निघाला म्हणून. पण पुढचा भाग वाचायला हवा. मर्यादेपलीकडचा जो उतार होता तो फारच हलका होता. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग स्क्रीनच्या वेळेवरून सांगता येत होता. नियमित झोप आणि सकाळची न्याहारी यांचा संबंध त्याच्या तिपटीहून जास्त होता. मी फोनवर पहारा ठेवत होतो आणि लेक रोज सकाळी अर्धा टोस्ट खाऊन पळत होती, त्याबद्दल मी कधी कायदा केला नाही. न्याहारीचं ढकलपत्र येत नाही ना.

२०१९ साली एमी ऑर्बेन आणि शिबिल्स्की यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या ३,५५,३५८ मुलांची माहिती आणखी बारकाईने तपासली. तिथे हा वाटा जास्तीत जास्त ०.४ टक्के भरला. तुलनेसाठी त्यांनी त्याच सर्वेक्षणांतली इतर उत्तरं घेतली. बटाटे खाण्याचा आणि मनःस्वास्थ्याचा संबंध जवळपास तेवढाच निघाला, आणि चष्मा लावण्याचा त्याहून वाईट. आता बटाट्यामुळे पोरं उदास होतात असं कोणी म्हणणार नाही. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं. हे आपण सगळे पाठ म्हणून दाखवतो, आणि मुलांच्या बाबतीत लगेच विसरतो. उदास पोर फोनमध्ये तोंड खुपसत असेल, हेही तितकंच शक्य आहे.

मग विषय मिटला का? नाही. सरासरी लहान आहे म्हणून प्रत्येक मुलावरचा परिणाम लहान असेल असं मुळीच नाही. ऑर्बेन यांच्याच २०२२ च्या कामात असं दिसलं की काही वयं जास्त नाजूक असतात. मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलांमध्ये १४-१५ या वयात समाजमाध्यमांचा वापर जास्त असेल, तर वर्षभराने आयुष्याबद्दलचं समाधान थोडं कमी आढळतं. जीन ट्वेंगी आणि जोनाथन हाइट हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तर धोका याहून बराच मोठा मानतात, आणि त्यांचे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. माझी लेक तेराचीच आहे, त्यामुळे मीही निर्धास्त नाही. पण 'काळजीपूर्वक बघा' आणि 'मेंदू सडतो' या दोन वाक्यांत फरक आहे, आणि मी कायदा केला होता तो दुसऱ्या वाक्यावर.

पहिल्या वाक्याचं दुसरं कसं होतं, याचाही अभ्यास कार्डिफमध्येच झालाय. पेट्रॉक समनर, क्रिस चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो छापला. वर्तमानपत्रं विज्ञानाचा विपर्यास करतात ही आपली नेहमीची तक्रार. यांनी एक पायरी मागे जाऊन ब्रिटनच्या वीस मोठ्या विद्यापीठांची आरोग्य आणि मानसशास्त्राबद्दलची ४६२ प्रसिद्धिपत्रकं काढली, त्यांच्याशेजारी मूळ निबंध ठेवले, आणि त्यांवरून आलेल्या ६६८ बातम्या ठेवल्या. ४० टक्के पत्रकांत वाचकाला दिलेला सल्ला निबंधात होता त्याहून वाढवलेला. ३३ टक्के पत्रकांत 'संबंध आढळला' याचं 'यामुळे होतं' झालेलं. पत्रकातच असं झालं असेल तर ८१ टक्के बातम्यांतही तसंच, आणि पत्रक सरळ असेल तर फक्त १८ टक्के बातम्यांत. म्हणजे दुधात पाणी दुकानात मिसळण्याआधी बऱ्याचदा गोठ्यातच पडलेलं असतं. आणि गंमत म्हणजे फुगवलेल्या पत्रकांना जास्त बातम्या मिळाल्या असंही दिसलं नाही. पाणी घालून भावही वाढला नाही!

हा अभ्यास करणारे स्वतः विद्यापीठवाले, आणि तपासलेल्या विद्यापीठांत त्यांचंही आलं. मला त्याचं कौतुक वाटतं. चेंबर्स यांनी २०१३ पासून 'कॉर्टेक्स' या नियतकालिकात एक वेगळी पद्धतही सुरू केली. संशोधकाने प्रयोग करण्याआधीच प्रश्न आणि पद्धत लिहून द्यायची, परीक्षकांनी ती तपासायची, आणि पसंत पडली तर निकाल काहीही लागो, निबंध छापायचं वचन द्यायचं. गल्ली क्रिकेट खेळलेल्यांना हे लगेच समजेल. कंपाउंडला चेंडू लागला तर चौकार की आउट, हे चेंडू लागायच्या आधी ठरवलेलं बरं.

हे का लागलं? कारण मानसशास्त्रातली बरीच नावाजलेली घरं पुन्हा मोजल्यावर लहान निघाली. १९९८ साली रॉय बाउमाइस्टर यांच्या प्रयोगात काही जणांना ताज्या बिस्किटांसमोर बसवून मुळे खायला लावले. ती मंडळी नंतरच्या कोड्यावर लवकर हरली. त्यावरून इच्छाशक्ती टाकीतल्या पाण्यासारखी वापरून संपते, हा समज जगभर पसरला. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी आधी ठरवलेल्या एकाच पद्धतीने दोन हजारांवर लोकांवर हा परिणाम पुन्हा शोधला, तेव्हा तो जवळजवळ शून्य निघाला. स्वयंविकासाच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत तो कितीदा दुरुस्त झाला असेल, तुम्हीच बघा.

माझ्याकडे परत येतो. आईला मी सगळं खरं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे कडेगाव तालुक्यात ते मोहित्यांचं वडगाव आहे बघ, तिथं भोंगा वाजतो. पण तो सगळ्यांसाठी."

सांगली जिल्ह्यातल्या या गावाची बातमी तुम्ही वाचली असेल. वस्ती सुमारे तीन हजार. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली, आणि शाळा पुन्हा भरायला लागल्यावरही पोरांच्या हातातला मोबाईल सुटेना. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी बायकांची सभा घेतली, आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. फोन बाजूला, टीव्ही बंद. साडेआठला दुसरा भोंगा. मधला दीड तास अभ्यास, वाचन, गप्पा. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून सांगत.

बातम्यांत याला 'डिजिटल डिटॉक्स' म्हटलं गेलं. मला तो शब्द आवडत नाही. त्यात फोन विष ठरतो आणि पोर रोगी. माझ्या मते वडगावच्या भोंग्यातली गोष्ट वेगळी आहे. सातला एकट्या पोराचा फोन काढून घेतला तर त्याचे मित्र तिकडे बोलत असतात आणि ते इकडे जळत असतं. सगळ्यांचाच बंद झाला की चुकतंय असं काही उरत नाही. तिथे पोराच्या इच्छाशक्तीची परीक्षा नाही, आणि बापही फोन घेऊन पहारा देत नाही. त्याचाही बंद असतो.

वाइनस्टीन आणि शिबिल्स्की यांचं २०१९ चं आणखी एक काम इथे आठवतं. किशोरवयीन मुलांना त्यांनी कल्पना करायला सांगितली, की आईवडील फोनवर बंधन घालताहेत: कधी रागावून, कधी अपराधी वाटायला लावून, कधी कारण सांगून आणि मुलाची बाजू समजून घेऊन. शेवटच्या प्रकारात लपवून फोन वापरीन म्हणणारी मुलं कमी होती. प्रसंग कल्पनेतला आहे, घरातला नाही, तेव्हा यालाही ढकलपत्र करू नका. पण मी त्यातल्या पहिल्या प्रकारचा बाप होतो, एवढं मला ओळखता आलं.

परदेशातल्या आपल्या घरांना वडगावची नक्कल सरळ करता येत नाही. आपल्याला गाव नाही, देऊळ नाही, आणि मुख्य म्हणजे आपली माणसं त्या फोनच्या आतच राहतात. विट्याच्या घरात फोन बंद केला की आजी शेजारच्या खोलीत असते. कार्डिफच्या घरात फोन बंद केला की आजीच बंद होते. इंग्लंडच्या सर्वेक्षणात मिनिटं मोजली, पलीकडे कोण होतं ते मोजलं नाही. मोठ्या आकड्यांच्या अभ्यासात तेवढं माफ असतं. पण घरात नियम करणाऱ्याला ते माहीत असतं, मग त्याला कसली माफी?

जुना कायदा मी मार्चमध्ये मागे घेतला. नवा चौघांनी बसून केला, भांडून. रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर. झोपायच्या खोलीत कुणाचाही नाही, म्हणजे माझाही नाही, आणि यावर सर्वांत जास्त कुरकुर मीच केली. रात्री ऑफिसच्या मेल पाहणं हे 'काम' आहे की 'स्क्रीन', हा मुद्दा मी दोन दिवस लढवला आणि तीन विरुद्ध एक हरलो. आजीचा फोन कोट्याबाहेर. लेकीने तशीच सूट एका मैत्रिणीसाठी मागितली, जी शाळा बदलून स्वानसीला गेलीय. बायको म्हणाली, मिळेल. मी गप्प बसलो.

आतापर्यंत नियम मी पाच वेळा मोडलाय, लेकीने दोनदा. हिशेब तिने फ्रिजवर लावलाय.