‘होल सेम आहेत’ म्हणजे चाक बसलं?

घरची 2018च्या पुढची स्विफ्ट हातात आली की आधी डोळ्यांत खुपतात ती तिची साधी लोखंडी चाकं. मग कुर्ल्याच्या भंगार गल्लीत होंडा सिटीची वापरलेली चार अलॉय स्वस्तात दिसतात. विकणारा म्हणतो, “होल सेम आहेत, बिनधास्त टाक!” खोटं नाही बोलत तो. अर्धंच बोलतो.

दोन्ही गाड्यांचा पीसीडी 4×100, म्हणजे चार नट आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास 100 मिमी. इथवर ठीक. आता मधलं भोक बघा. स्विफ्टचं 54.1 मिमी, सिटीचं 56.1. चाक चढतं, पण दोन मिमीची ढील राहते. हब रिंग टाकली नाहीत तर हायवेवर स्टिअरिंग थरथरू शकतं. (उलटा प्रयोग करून बघूच नका, स्विफ्टचं चाक सिटीच्या हबवर चढणारच नाही.)

खरी गोम नटांत आहे. होंडाच्या कंपनी अलॉयमध्ये नटाची बैठक गोलसर असते, स्विफ्टचा नट निमुळता. तो आवळला तरी बारीक कडेवरच टेकतो आणि चालत्या गाडीत ढिला पडू शकतो. मग होंडाचेच नट घेऊ? तेही नाही. त्यांचे आटे 12×1.5, स्विफ्टचे 12×1.25. जबरदस्ती केलीत तर स्टडच खराब. गोल बैठकीचे, 1.25 आट्यांचे नट वेगळे शोधावे लागतात. आणि हे गल्लीत कुणी आपणहून सांगत नाही.

कायद्याचंही बघा. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019मध्ये सांगितलं. बेकायदा बदलाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन्हीही होऊ शकतं.

माझं विचाराल तर त्याच पिढीच्या स्विफ्टच्या टॉप मॉडेलची चाकं शोधा. बेसचा टायर 165/80 आर14, टॉपचा 185/65 आर15. उंचीत फरक जेमतेम दोन मिमी, त्यामुळे स्पीडोमीटरही गडबडत नाही. पैसे देण्याआधी चारही चाकं टायरवाल्याच्या बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या. वाकलेलं चाक लगेच लचकताना दिसतं. आतल्या कडेला वेल्डिंगची खूण दिसली, तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या.