उंबरठ्यापासून धावपट्टीपर्यंत

विमानमार्गाची लांबी किलोमीटरांत आणि उड्डाणाचा अवधी मिनिटांत सांगण्याची जी रीत सरकारदरबारी रूढ झाली आहे, ती वैमानिकाच्या उपयोगाची खरी. परंतु प्रवाशाचा प्रवास धावपट्टीवर नव्हे, तर घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो, याची दखल त्या हिशेबात कोठेही घेतली जात नाही.

उत्तर ध्रुवासमीपच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात लाँगइयरबियन आणि न्यू-आलेसुंद या दोन धावपट्ट्यांमध्ये शंभराहून थोडे अधिक किलोमीटर अंतर आहे. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २००८ साली न्यू-आलेसुंदला उघडलेल्या ‘हिमाद्री’ या केंद्राकडे जाणारे आपले शास्त्रज्ञ छोट्या विमानाने हे अंतर अर्ध्या तासाच्या आत कापतात. या दोन वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही. मात्र दोन्हीकडे धावपट्टी वस्तीच्या जवळच असल्यामुळे, हवामान अनुकूल असेल तर, उड्डाणाचा काळ हाच बव्हंशी प्रवासाचा काळ ठरतो.

आता उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधून निघणाऱ्या प्रवाशाचा विचार करावा. २५ डिसेंबर २०२५ रोजी वाहतुकीस खुला झालेला नवी मुंबई विमानतळ कॅम्प ५ पासून सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटरांवर, दक्षिणेस आहे. परंतु लोकलने जाणाऱ्यास विठ्ठलवाडीहून आधी कल्याण गाठून ठाण्यास जावे लागते, तेथे जिन्याने सामान चढवून-उतरवून पनवेलची गाडी धरावी लागते, आणि एवढ्यात दीड तासाच्या आसपास वेळ जाऊनही विमानतळ पुढेच राहतो. रस्त्याने जावे, तर नेवाळी आणि तळोजा येथील अवजड वाहनांच्या रांगांत किती वेळ मोडेल, याची शाश्वती कोणी देत नाही. मुंबईहून गोव्यास विमान सव्वा तासात पोहोचते, हे सत्य या प्रवाशाच्या काय कामाचे?

कॅम्प ५ पासून जवळच, नेवाळीस, दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीची जमीन आहे; तिच्या मालकीवरून २०१७ साली शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. तेथे विमानतळ करावा, असे माझे म्हणणे नाही. ज्यांच्या जमिनीचा निवाडा झालेला नाही, त्यांच्यावर नवे ओझे लादणे अन्यायाचे होईल. मागणी एवढीच, की उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांतून विमानतळापर्यंत थेट, दिवसरात्र चालणाऱ्या, वक्तशीर बसगाड्यांची तजवीज व्हावी. तळोजा मार्गावरील अवजड वाहतुकीस वेळेचे बंधन असावे. आणि विमानसेवेच्या प्रत्येक जाहीरनाम्यात शहरातून विमानतळास लागणारा वेळही छापला जावा.

विमानतळाच्या उभारणीत सार्वजनिक पैसा आणि गावोगावच्या रयतेची जमीन खर्ची पडली आहे. ज्यांचे घर धावपट्टीपासून जवळ, पण ज्यांची वाट लांब, त्यांचा हिशेब मांडल्याविना त्या खर्चाचे सार्थक झाले, असे कोणत्याही शासनास म्हणता येणार नाही.