खारघरचा डोंगर आपलाही आहे

खारघरमध्ये घर घेणारा माणूस डोंगराचेही पैसे मोजतो. बिल्डरच्या जाहिरातीत डोंगर असतो आणि डोंगराच्या बाजूची खिडकी असेल तर भाव वाढतो. पावसाळ्यात तिथले धबधबे मोबाइलवरून नातेवाइकांपर्यंत पोहोचतात. एवढे सगळे असूनही इथे दहा-दहा वर्षे राहणाऱ्या अनेकांनी त्या डोंगरावर पाय ठेवलेला नाही. आपल्या मुस्लिम घरांत तर हे प्रमाण जास्तच असावे, असे मला आजूबाजूला पाहून वाटते. ही गोष्ट बदलली पाहिजे, आणि बदलण्याची जबाबदारी सरकारइतकीच आपलीही आहे, असे माझे मत आहे. ते का, हे थोडे सविस्तर मांडतो.

आधी तिथे आहे काय ते सांगतो. हे काही ताडोबा नाही. वस्ती संपते तिथे चढ सुरू होतो आणि चढाच्या घळींमध्ये लहानसे रान उरले आहे. साग, ऐन, कुडा, मोह, पळस, करवंदीच्या जाळ्या. फेब्रुवारीत बरीचशी झाडे पाने टाकतात आणि डोंगर उघडा-बोडका दिसू लागतो. नवख्याला वाटते, रान मेले. पण नेमक्या त्याच दिवसांत सावर आणि पांगारा लाल होतात, आणि त्या फुलांवर मैना, बुलबुल, कावळे यांची झुंबड उडते. मे महिन्यात करवंदे पिकतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की काही दिवसांत सगळा डोंगर असा हिरवा होतो की हाच का तो, असा प्रश्न पडावा. वर फणसवाडी, चाफेवाडी असे आदिवासी पाडे आहेत. खाली सिडकोचे सेक्टर आखले जाण्याआधीपासून ही माणसे या रानात वावरत आली आहेत.

अशा छोट्या रानाला आपण रान म्हणायलाही तयार नसतो. जंगल म्हटले की वाघ हवा, जीपची सफारी हवी, आठवडाभराची रजा हवी. पण माणसाला सतत उपयोगी पडते ते घराजवळचे छोटे रान. फजरची नमाज पढून चालत जावे, दीड तास थांबावे आणि मुलांच्या शाळेच्या वेळेपर्यंत परत यावे, असे रान. त्याला पैसे लागत नाहीत. ज्याच्याकडे गाडी नाही, सुट्टी नाही, महाबळेश्वरची ऐपत नाही, त्याच्यासाठी तर तेच एक रान असते.

सावलीची किंमत खारघरला तर वेगळी सांगायलाच नको. 16 एप्रिल 2023 रोजी इथल्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे भर उन्हात उघड्यावर बसली होती. त्यातल्या 14 जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ती श्रद्धेने आलेली साधी माणसे होती. त्या दिवसाचे राजकारण पुष्कळ झाले. मला त्यातून एवढेच कळले की एप्रिलच्या उन्हात डोक्यावरची सावली ही चैन नसते, त्यावर जीव अवलंबून असतो. आणि सावली मंडप घालून एका रात्रीत उभी करता येते. पण जे झाड पिढ्यान् पिढ्या सावली देते, ते एका रात्रीत येत नाही.

मग या रानाशी आपण वागतो कसे? एकीकडे वणवे. दर उन्हाळ्यात खारघरच्या डोंगरावर वाळलेले गवत पेटते. कुणी काडी टाकतो, कुणी मुद्दाम लावतो. रात्री खिडकीतून ती लाल रेघ दिसते आणि आपण तिचाही फोटो काढतो. मोठे झाड एखादा वणवा सोसते, पण हातभर उंचीचे रोप सोसत नाही. दरवर्षी रोपे जळत गेली तर म्हाताऱ्या झाडांची जागा घेणारे मागे कुणी उरत नाही. दुसरीकडे बंदी. पांडवकड्याचा धबधबा सुमारे 107 मीटर उंचीचा आहे आणि पावसाळ्यात पाण्याचा लोंढा अचानक वाढतो. तिथे अनेकांचे जीव गेले आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये तर चार तरुण मुली वाहून गेल्या. म्हणून दर पावसाळ्यात प्रवेशबंदी होते. बंदीमागची काळजी खोटी नाही. ज्या आईची मुलगी गेली तिच्यासमोर उभे राहून बंदी चुकीची आहे, असे म्हणण्याची माझी हिंमत होणार नाही.

पण बंदीने थांबतो कोण? सांगितलेले ऐकणारा. कुटुंब घेऊन येणारा बाप थांबतो. दहा जणांचे टोळके आडवाटेने जातेच, आणि आडवाटच जास्त धोक्याची असते. म्हणून पाण्याच्या पात्रात बंदी ठेवावी, पण सगळ्या डोंगराला कुलूप लावू नये. धबधब्यापासून लांब, आखलेली एक पायवाट असावी. वेळ ठरलेली असावी, नोंदवही असावी, आणि सोबतीला फणसवाडी-चाफेवाडीच्या तरुणांना वाटाडे म्हणून रोजगार मिळावा. कुठला ओढा कधी फुगतो हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? 2006 च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांचा रानावरचा हक्क मान्य केला आहेच. फेब्रुवारीत जाळरेषा काढण्याचे कामही त्यांना आणि खालच्या सोसायट्यांना मिळून करता येईल.

हे स्वप्नरंजन नाही. लंडनजवळ एपिंग फॉरेस्ट नावाचे जुने रान आहे. त्यात बीच नावाचे झाड भरपूर आहे. आसपासचे लोक शतकानुशतके त्याच्या फांद्या छाटून सरपण नेत. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी त्या रानाला कुंपणे घालायला सुरुवात केली. तेव्हा लंडन शहराची महापालिका कोर्टात गेली. शहराबाहेरच्या रानाशी तिचा संबंध काय? तर महापालिकेने कब्रस्तानासाठी त्या भागात जमीन घेतली होती. त्या जमिनीबरोबर रानात गुरे चारण्याचा हक्क तिला मिळाला होता. त्या हक्काच्या जोरावर 1871 मध्ये दावा लावला, 1874 मध्ये तो जिंकला आणि 1878 च्या कायद्याने ते रान कायमचे लोकांना खुले झाले. दोनच वर्षांनी, 1880 मध्ये, याच महापालिकेने बर्नहॅम बीचेस हे दुसरे, लहान बीचचे रान विकत घेतले. तेही शहराच्या हद्दीबाहेर, सुमारे 40 किलोमीटरवर. आपल्या नागरिकांना चालायला सावली हवी, एवढेच कारण. आजही तिथे लोक फिरतात.

मृतांसाठी घेतलेल्या जमिनीने जिवंतांचे रान वाचवले, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. कारण आपल्या गावोगावच्या जुन्या कब्रस्तानांतही हेच घडले आहे. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि देवाच्या धाकाने रान कसे राखले गेले ते जगाला दाखवले. कोकणातल्या कितीतरी कब्रस्तानांत चिंच, कडुनिंब, आंबा, चाफा असेच राखले गेले. कबरीजवळच्या झाडावर सहसा कुणी कुऱ्हाड चालवत नाही. प्रेषित मुहंमद (स.) यांनी दोन कबरींवर खजुराची ओली फांदी चिरून रोवल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. आता मात्र या कब्रस्तानांतही फरशी आणि सिमेंट वाढते आहे. स्वच्छतेच्या नावाखाली झाडे जात आहेत. कब्रस्तान कमिट्यांनी भिंतीच्या रंगाइतका विचार झाडांचाही केला, तर आपल्या हातात असलेले छोटे रान तरी वाचेल.

आपल्यात एक समजूत आहे की झाडे, डोंगर, पर्यावरण हे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे विषय आहेत. आपल्यापुढे शिक्षण, रोजगार, सुरक्षितता हे प्रश्न आहेत, त्यात हे कुठे? पण उन्हाचा पहिला फटका हातगाडीवाल्याला बसतो, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला बसतो. ती माणसे आपली आहेत. आणि दीनचा विचार केला तर हा विषय बाहेरचा नाहीच. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते, ही शिकवण बुखारी शरीफमध्ये आहे. मदीनेच्या परिसराला हरम ठरवून तिथली झाडे तोडायला आणि शिकार करायला मनाई करण्यात आली. जमीन आपली मालमत्ता नाही, अमानत आहे, असे जुम्म्याच्या बयानात आपण ऐकतो. अमानत सांभाळायची तर निदान तिची ओळख तरी हवी.

यात एक अडचण आहे, तीही बोलून टाकतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही घरची सगळी मंडळी डोंगराच्या पायथ्याशी गेलो होतो. अम्मी बुरख्यात, माझ्या डोक्यावर टोपी. एका गृहस्थांनी आपुलकीनेच विचारले, "मुंब्र्याहून आलात का?" अम्मी म्हणाली, "नाही भाऊ, इथंच राहतो, मागच्या सेक्टरात." ते हसले, आम्हीही हसलो. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण आपण तिथे इतके कमी दिसतो की दिसलो की पाहुणे वाटतो. यावर रागावण्यात अर्थ नाही. ज्या वाटेवर आपण रोज चालतो, तिथे कुणी आपल्याला कुठून आलात म्हणून विचारत नाही.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. मुलांना मॉलमध्ये नेता तसे महिन्यातून एकदा डोंगराच्या पायथ्याशी न्या, पाऊस आणि पाणी टाळून. त्यांना ऐन आणि साग ओळखायला शिकवा. आपल्याला येत नसेल तर पाड्यावरच्या माणसाला विचारा. वणवा दिसला की फोटो काढण्याआधी वनविभागाला आणि अग्निशमन दलाला फोन करा. झाडे तोडण्याच्या हरकतींची नोटीस लागते तेव्हा अर्जाखाली आपल्याही सह्या असू द्या. आणि सुरक्षित पायवाटेची मागणी करायला जे शेजारी पुढे येतील, मग ते कुणीही असोत, त्यांच्यासोबत उभे राहा. येत्या फेब्रुवारीत सावर फुलेल तेव्हा तिच्याखाली आपलीही चार घरे दिसायला हवीत.